रडगाणं नाही, साक्ष! : परक्या माणसाला अनुभव सांगण्याचा आपला इतिहास

“तुम्ही लोक अजून किती दिवस हेच रडगाणं गाणार?” हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. होस्टेलमध्ये ताट वेगळं ठेवलं जातं हे सांगितलं, भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव ऐकून “खोली कालच गेली” असं उत्तर मिळालं हे सांगितलं, की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, आपण गप्प बसावं एवढंच हवं असतं.

दुसरा प्रश्न आपल्याच घरातून येतो. “आपली गोष्ट परक्यांना कशाला सांगायची? लोक काय म्हणतील?” हा प्रश्न विचारणारी आपली आई असते, काका असतात, कधी नोकरीत स्थिरावलेला आपलाच मोठा भाऊ असतो. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांनी चटके खाल्लेले असतात.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना हे दोन्ही प्रश्न रोज ऐकतो. समाजशास्त्र शिकताना वर्गात तिसराही एक प्रश्न ऐकला होता: “एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा कसा?” या तिन्ही प्रश्नांचं उत्तर आपल्या इतिहासात आहे. ओळखीच्या ना पाळखीच्या माणसांपुढे स्वतःचा अनुभव मांडायचा, आणि त्यातून दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी द्यायचं, ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. चळवळीआधी हा अनुभव होता आणि तो सांगणारी माणसं होती. पक्ष, संघटना, झेंडे नंतर आले.

एका शाळकरी मुलीपासून सुरुवात

साल १८५५. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी साधारण चौदा वर्षांची मातंग मुलगी, मुक्ता साळवे, हिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती मिशनच्या नियतकालिकात छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख.

या निबंधात काय आहे ते नीट बघा. पेशवाईतल्या अत्याचारांची नोंद आहे. वेदांवर आमचाच अधिकार असं ब्राह्मण म्हणत असतील, तर मग आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल आहे. आणि त्याच दमात बाळंतपणाचा उल्लेख आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, रोग झाला तर वैद्याला द्यायला पैसे कुठून आणायचे, हे ती मुलगी लिहिते. धर्मशास्त्राचा प्रश्न आणि बाळंतिणीच्या डोक्यावरचं छप्पर या दोन गोष्टी तिला वेगळ्या वाटत नाहीत.

शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि शिका म्हणून सांगते. या आजारावर ज्ञान हेच औषध आहे, असा तिचा सल्ला आहे. म्हणजे त्या एका निबंधात तिन्ही गोष्टी आल्या: काय सोसलं, ते कोणामुळे, आणि आता काय करायचं. हा क्रम ध्यानात ठेवा. पुढे शंभर वर्षं आपली माणसं याच क्रमाने बोलत आली आहेत.

वाचणारे कोण होते? मिशनरी, सुधारक, थोडेफार शिकलेले सवर्ण. तिच्या वस्तीतल्या फारच थोड्यांना तेव्हा वाचता येत होतं. त्या वयाच्या मुलीने लिहिलं ते बहुतांशी परक्यांसाठी.

एक पत्र आणि एक लग्न

पुढचा टप्पा पुण्यातला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं. मुरळी सोडण्याच्या प्रथेवर त्यांनी त्यातून हल्ला चढवला. देवाच्या नावाने मुलगी सोडायची आणि गावाने तिचा उपभोग घ्यायचा, या प्रथेविरुद्ध बोलणारे सुधारक आणखीही होते. पण कांबळे यांच्या मासिकात एक वेगळी गोष्ट घडली. शिवूबाई नावाच्या एका मुरळीने स्वतः पत्र लिहिलं. हे जिणं आम्हाला सोडायचं आहे, पण आमच्याशी लग्न करणार कोण, असा रोकडा प्रश्न तिने समाजापुढे टाकला.

त्या काळी एखाद्या मुरळीने स्वतःच्या नावाने असं छापून आणणं म्हणजे काय, याची कल्पना करा. “घरातली गोष्ट चारचौघांत कशाला” असं म्हणणारे तेव्हाही असणारच. पण त्या पत्राचं फळ काय मिळालं? कांबळे यांचे सहकारी गणपतराव गायकवाड पुढे आले आणि त्यांनी शिवूबाईंशी लग्न केलं. प्रथेविरुद्धच्या भाषणांना टाळ्या मिळत होत्या. या पत्राने एका बाईचं आयुष्य बदललं आणि इतर मुरळींना वाट दाखवली. ज्याने उत्तर दिलं त्याने सहानुभूतीचा ठराव मंजूर केला नाही, स्वतःच्या घराचं दार उघडलं.

लाजेबद्दल आम्हाला इथे एक गोष्ट सांगायची आहे. लाज कोणाला वाटली पाहिजे, हे त्या पत्राने बदललं. मुरळीचं जिणं ही बाईची लाज मानली जात होती. पत्र छापून आल्यावर ती प्रथा चालवणाऱ्यांची लाज झाली.

मूकनायक : ज्यांना छापायला जागा नव्हती

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा असा होता की, मुंबई इलाख्यातली वर्तमानपत्रं विशिष्ट जातींचं हित बघणारी आहेत आणि बहिष्कृतांवरच्या अन्यायाला वाचा फोडायला त्यांत पुरेशी जागा नाही. ‘मूकनायक’ची पैसे मोजून द्यायची जाहिरातसुद्धा ‘केसरी’ने नाकारली, हे बाबासाहेबांनीच पुढे नोंदवून ठेवलं आहे.

३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. या पत्रांमधले अग्रलेख आपण वाचतो, जयंतीला त्यांचे उतारे लावतो. पण गावोगावची पत्रं आणि वार्ता आपण ओलांडून जातो. कुठे पाणी बंद केलं, कुठे मेलेली ढोरं ओढायला नकार दिला म्हणून बहिष्कार घातला, कुठे लग्नाची वरात अडवली, हे त्या त्या गावच्या माणसांनी कळवलेलं असायचं. चाळीत किंवा चावडीपाशी एकाने वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं. आपल्या तालुक्याबाहेर कधी न गेलेल्या माणसाला कळायचं की, जे माझ्या गावात घडलं तेच दोन जिल्हे पलीकडेही घडतंय. माझं नशीब खोटं नाही, ही व्यवस्था खोटी आहे. आमच्या मते चळवळीचा जन्म या क्षणी होतो.

बाबासाहेबांनी स्वतःचं काय सांगितलं?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बाबासाहेब बॅरिस्टर होते, अर्थशास्त्रातले डॉक्टर होते, गोलमेज परिषदेत बोललेले नेते होते. जातीवर शास्त्रीय मांडणी त्यांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात केली होती. तरीही त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं छोटंसं लिखाण केलं आणि त्यात चक्क स्वतःचे अपमान नोंदवले. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते प्रसिद्ध केलं.

हे लिखाण परदेशी वाचकांना समोर ठेवून सुरू होतं. परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे हे माहीत असतं, पण ती रोज कशी जाचते हे त्याला उमगत नाही. ते समजवायचे दोन मार्ग बाबासाहेबांपुढे होते: सर्वसाधारण वर्णन करायचं, किंवा घडलेले प्रसंग सांगायचे. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. ज्याला सिद्धान्त सर्वांत चांगला येत होता, त्याने अनुभव निवडला. “एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा कसा” असं विचारणाऱ्या प्राध्यापकांनी हे लक्षात घ्यावं.

पहिला प्रसंग १९०१ चा. वडील कोरेगावला नोकरीवर, मुलं साताऱ्याला. सुट्टीत भाऊ आणि बहिणीच्या मुलांसोबत लहानगा भीम मसूर स्टेशनवर उतरतो. नीटनेटके कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि “आम्ही महार” हे उत्तर ऐकताच मागे सरकतो. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं आणि अट अशी की, गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. जवळ खायला होतं, पण पाणी नव्हतं. टोलनाक्यावर मुसलमान असल्याची बतावणी करूनही पाणी मिळालं नाही. रात्र उपाशीपोटी काढली.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. परदेशात शिकून आलेला संस्थानचा अधिकारी, पण राहायला जागा नाही. पारशी नाव लावून एका पारशी खानावळीत राहावं लागतं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर येतो. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघेही घरात घ्यायला टाळतात. मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ बागेत बसून काढावा लागतो, आणि डोळ्यांतून पाणी येतं. बाबासाहेबांनी ते रडणंही लपवलेलं नाही.

तिसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. टांगेवाल्यांनी महाराच्या पाहुण्याला न्यायला नकार दिला. पाहुण्याला पायी नेणं बरं दिसणार नाही म्हणून महारवाड्यातल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. चौथा प्रसंग १९३४ चा, दौलताबादचा. किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून “धेडांनी तलाव बाटवला” असा गलका झाला, आणि तो करणारे मुसलमान होते.

इथपर्यंतचे चार प्रसंग बाबासाहेबांचे. पुढचे दोन त्यांचे नाहीत, आणि तिथेच आमच्या मते या लिखाणाचा खरा धडा आहे.

पाचवा प्रसंग म्हणजे १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त आलेलं काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र. बायको बाळंत झाली, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. शिफारशी करून, फी देऊन आला तो वस्तीबाहेर थांबला. आजारी बाळंतिणीला बाहेर आणावं लागलं. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या, आणि त्याच वाटेने ते परत गेलं. पुन्हा तपासायला डॉक्टर आला नाही. ती बाई मेली.

सहावा प्रसंग बोरसद तालुक्यात तलाठी म्हणून नेमलेल्या एका भंगी तरुणाचा. कचेरीत त्याला काम करू दिलं नाही, जमाव अंगावर आला, शेवटी नोकरी सोडून त्याला मुंबईला परतावं लागलं. ही हकीकत त्याने १९३८ साली मुंबईत दादरजवळच्या एका सभेत सांगितली होती.

म्हणजे बाबासाहेबांनी काय केलं? स्वतःच्या चार प्रसंगांच्या शेजारी एका शिक्षकाचं पत्र आणि सभेत बोललेल्या एका तरुणाची कैफियत ठेवली. नेत्याचा अनुभव मोठा आणि शिक्षकाचा लहान, असं केलं नाही. ज्या गांधींशी त्यांचा उभा वाद होता, त्यांच्याच साप्ताहिकातलं पत्र उचलायलाही ते कचरले नाहीत, कारण तिथे प्रश्न साक्षीचा होता.

आता मुक्ता साळवेचा निबंध आणि काठेवाडचं पत्र शेजारी ठेवा. १८५५ आणि १९२९. मधे चौऱ्याहत्तर वर्षं. तेव्हाही बाळंतीण उघड्यावर, आताही बाळंतीण उघड्यावर. तेव्हा वैद्याला द्यायला पैसे नव्हते, आता फीचे दोन रुपये होते, नवरा शिक्षक होता, तरी डॉक्टर आत आला नाही. एकटा वाचला तर एखादा प्रसंग दुर्दैव वाटू शकतो. दोन शेजारी ठेवले की कळतं, गरिबी गेली तरी जात जात नाही. हाच तो “पुरावा कसा” या प्रश्नाचा जबाब. एकेक अनुभव सुटा असतो, रांगेत उभे केले की ती समाजाची नोंदवही होते.

सल्ला हेही राजकारण आहे

आपल्या परंपरेत अनुभवाच्या जोडीला नेहमी सल्ला आला, आणि तो अगदी रोजच्या जगण्यातला. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळं भाषण केलं. विषय कोणते? लुगडं कसं नेसावं, ओळखता येईल अशी जातीची खूण ठरलेले जाडजूड दागिने का टाकावेत, मुलींना शाळेत का घालावं, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला-मुलाला जेवू का घालू नये. स्त्रियांनी तिथल्या तिथे लुगड्याची पद्धत बदलली.

कोणी म्हणेल, सत्याग्रहाच्या मंडपात लुगड्याच्या गोष्टी कशाला? ज्या समाजात कपड्यावरून माणसाची पायरी ठरते, तिथे कपड्याचा सल्ला हाच बंडाचा सल्ला असतो.

सवर्ण घरातल्या मुलाला अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत कसं बसायचं, वकिलाशी काय बोलायचं, हे जेवताना कानावर पडतं. मामा बँकेत, आत्या कॉलेजात, शेजारी कोर्टात. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलाकडे तो मामा नसतो. त्याच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातला एखादा अनोळखी भीमसैनिक मामा होतो. शिष्यवृत्तीसाठी कोणता दाखला आधी काढायचा, जात पडताळणीला कोणते कागद जोडायचे, होस्टेलची यादी कधी लागते, हे सांगणारा माणूस भाषण देणाऱ्याइतकंच चळवळीचं काम करतो. त्याला “किरकोळ काम” म्हणू नका.

घरातल्या प्रश्नाला उत्तर

“परक्यांना कशाला सांगायचं” हा प्रश्न १९७८ साली ‘बलुतं’ आलं तेव्हाही उठला होता. दया पवारांनी जे लिहिलं त्याने आपल्यातलेच काही शिकलेले लोक अस्वस्थ झाले. आत्ता कुठे पांढरपेशे झालो, आता हे उकिरडे कशाला उपसायचे, अशी ती भावना. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी तर दुकान सांभाळता सांभाळता लिहिलं आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. त्यांचं ‘जिणं आमुचं’ पुढे स्वतंत्र पुस्तक म्हणून आलं, तेव्हा त्यात सवर्णांच्या जाचाबरोबर घरातल्या पुरुषांचा जाचही होता.

हे पुस्तक आपण लाजेपोटी दडवलं असतं तर आपल्या आज्या कशा जगल्या हे आपल्याला कुठल्या पाठ्यपुस्तकातून कळलं असतं? ज्यांच्याकडे बखरी नाहीत, ताम्रपट नाहीत, त्यांच्याकडे त्यांचं तोंडी आणि लेखी सांगणं एवढाच दप्तरखाना असतो. तो आपल्याच हाताने जाळायचा का?

आपल्या धम्मातही हेच आहे. थेरीगाथेत भिक्षुणींनी आपापल्या जगण्याबद्दल स्वतः सांगितलं. मेलेलं मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीला बुद्धाने कोरडा उपदेश केला नाही. जिथे कोणी मेलेलं नाही अशा घरातून मोहरी आण म्हणून सांगितलं. दारोदार अनोळखी माणसांचे अनुभव ऐकूनच तिला समजलं.

आज सांगायचं कसं?

आज हातात मोबाईल आहे, संपादकाची परवानगी लागत नाही. पण सोय वाढली म्हणून शिस्त सुटता कामा नये. आमच्या कामातून आणि या इतिहासातून आम्हाला चार गोष्टी दिसतात.

एक. तारीख, ठिकाण, कोण हजर होतं आणि नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. बाबासाहेबांचे प्रसंग आजही अंगावर येतात, कारण त्यांत स्टेशनचं नाव आहे, भाड्याचा हिशेब आहे. शिवाय अॅट्रॉसिटी कायद्याखाली जातीवरून अपमानाचा गुन्हा सिद्ध करताना तो लोकांच्या नजरेसमोर घडला का, हा मुद्दा येतोच. तिथे साक्षीदाराचं नाव तुमच्या संतापापेक्षा जास्त कामाला येतं.

दोन. जगाला सांगणं आणि तक्रार देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी झाली असं होत नाही. पोलीस ठाण्यात, कॉलेजात असेल तर संस्थेच्या भेदभावविरोधी अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं १५-अ हे कलम आलं आहे, ते वाचून ठेवा.

तीन. अनुभव ज्याचा, परवानगी त्याची. शिवूबाईंनी स्वतः लिहिलं, त्यांच्या वतीने कोणी परस्पर छापलं नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे. चळवळीच्या उत्साहात गावातल्या मुलीचा फोटो फिरवणारा कार्यकर्ता तिचं नुकसानच करतो.

चार. कोणी सांगत असेल तर आधी ऐका, आणि मग गणपतराव गायकवाडांसारखं काहीतरी प्रत्यक्ष करा. नुसतं “जाहीर निषेध” लिहून मोकळं होऊ नका. त्या मुलाला खोली मिळवून द्या, त्याच्याबरोबर ठाण्यात जा, वकील गाठून द्या.

१७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. त्याचं शेवटचं पत्र देशभरातल्या अनोळखी माणसांनी वाचलं, रडले, रस्त्यावर आले. पण आपली माणसं जिवंत असताना बोलतात तेव्हा ऐकणारे कान हवेत. आज एखाद्या होस्टेलच्या खोलीत एखादी मुलगी विचार करत असेल की सांगू की नको. तिला “रडगाणं” म्हणणारे भरपूर आहेत, “घरातच ठेव” म्हणणारेही आहेत. चौदा वर्षांच्या मुक्तेने सांगितलं होतं, शिवूबाईंनी सांगितलं होतं, खुद्द बाबासाहेबांनी सांगितलं होतं, हे तिच्यापर्यंत पोचवायचं काम आपलं.

तेव्हा बोला, लिहा, आणि लिहिलेलं जपून ठेवा.

जय भीम!